खजुराच्या डब्यातली माती

ओसाकाच्या विमानतळावर वजन जास्त भरलं म्हणून हिराई सेन्सेईंना बॅग उघडावी लागली, आणि आतून दोन शर्ट, एक मफलर आणि बाकी नुसती खोकी निघाली. लहान, मोठी, चपटी, उभी. प्रत्येकाला सुबक कागद आणि वर रंगीत दोरीची गाठ. काउंटरवरच्या मुलीने ती खोकी पाहून समजूतदारपणे मान डोलावली. परदेशी संस्थेकडे काम घेऊन निघालेला जपानी प्राध्यापक असाच प्रवास करतो. माझ्या बॅगेत माती काढायचं पोकळ नळीसारखं अवजार, रबरी हातमोजे आणि ढीगभर रिकाम्या बाटल्या होत्या. मी म्हणालो, "सेन्सेई, तुम्ही द्यायचं सामान घेतलंय आणि मी घ्यायचं." सेन्सेई हसले नाहीत. ते विनोद नीट ऐकून घेतात आणि दुसऱ्या दिवशी हसतात.

सेन्सेई म्हणजे गुरुजी. हिराई सेन्सेई माझे प्राध्यापक, आणि मी त्यांच्या प्रयोगशाळेतला एकुलता एक भारतीय विद्यार्थी. नाशिककडचा, शेतकी शिकलेला. जपान सरकारच्या शिष्यवृत्तीवर डॉक्टरेट करायला गेलो होतो आणि विषय होता तेल खाणारे जीवाणू. तेलाने नासलेल्या मातीत हे जीवाणू सोडले की ते तेल खाऊन माती स्वच्छ करतात, निदान आमच्या काचेच्या भांड्यांत तरी करत होते. पण ती माती आमच्या विद्यापीठाच्या बागेतली आणि तेल बाटलीतून ओतलेलं. परीक्षकांनी अत्यंत नम्रपणे सांगितलं की हे छान आहे, परंतु खऱ्या मातीवर करून दाखवा. खरी माती होती कुवेतला. आखाती युद्धात पेटवलेल्या तेलविहिरींतून वाहिलेलं तेल वाळवंटात साचून त्याची तळी झाली होती, आणि चार-पाच वर्षं उन्हात शिजून ती आता डांबरासारखी घट्ट होत चालली होती. ती माती मिळाली तर माझा प्रबंध होणार होता. नाही मिळाली तर शिष्यवृत्ती संपेपर्यंत बागेतली माती उकरत बसायचं आणि मग नाशिकचं तिकीट काढायचं.

आमच्या विद्यापीठाचा आणि कुवेतमधल्या एका संशोधन संस्थेचा सहकार्याचा करार आधीच झाला होता. माती जपानमध्ये आणायची परवानगीही आम्ही खिशात घेऊन निघालो होतो. फक्त तिकडच्या विभागप्रमुखांच्या सहीशिवाय तिथली मूठभर मातीही देशाबाहेर पडणार नव्हती, आणि त्यांनी आमच्या प्रत्येक पत्राला एकच उत्तर धाडलं होतं: या, भेटू.

कुवेत म्हणजे भट्टी, अशी माझी पक्की समजूत. उतरलो तो फेब्रुवारी, आणि विमानतळाबाहेर आल्याबरोबर गार वाऱ्याने कानाला झिणझिण्या आल्या. सेन्सेईंनी शांतपणे बॅगेतून मफलर काढला. त्यांनी आधी हवामान वाचलं होतं. मी कुवेतहून सुट्टीवर येणाऱ्या नातेवाइकांच्या गप्पा ऐकल्या होत्या.

सेन्सेईंची सोय दस्मानला, समुद्राकाठच्या हॉटेलात होती. मी मात्र सालमियात माझ्या मावसबहिणीकडे, शैलाताईकडे उतरलो. तिचे यजमान अनिलभाऊजी मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत इंजिनीअर. युद्धाच्या वेळी नेसत्या कपड्यांनिशी बसने बाहेर पडलेली ही माणसं, पुन्हा परतून त्याच गल्लीत, त्याच मजल्यावर राहायला आली होती. घरात शिरलो तर कोकणातल्यासारखा तळलेल्या पापलेटचा वास. "याला इथे झुबैदी म्हणतात," भाऊजी म्हणाले. "नाव अरबी, रवा आपला."

"अरे श्री, किती वाळलास! तिकडे काय नुसता कच्चा मासा घालतात का?" ताईने माझी उंची-जाडी मापत विचारलं. तिची केतकी, वय वर्षं आठ, दारातून डोकावून म्हणाली, "ममा, ही लुक्स ओके टु मी." आईचं मराठीत ऐकणारी आणि इंग्रजीत बोलणारी ही मुलगी मला भारी आवडली.

जेवण होतंय तोच ताईने एका काचेच्या वाडग्यात गरम शिरा भरला आणि केतकीला समोरच्या दारी पिटाळलं. समोर एक इजिप्तचं कुटुंब. त्यांनी आदल्या दिवशी त्या वाडग्यातून काहीतरी गोड पाठवलं होतं. "रिकामं भांडं कसं परत करायचं?" ताई म्हणाली. "आता ती उद्या परत काहीतरी भरून पाठवणार. वर्षभर हा एकच वाडगा इकडून तिकडे फिरतोय. मूळ कोणाचा तेही आता आठवत नाही बाई." मी दुसऱ्यांदा शिरा वाढून घेत होतो, त्यामुळे या बोलण्याकडे फारसं लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी संस्थेत विभागप्रमुखांना भेटलो. उंच, भरदार, पांढऱ्याशुभ्र दिशदाशात (पायघोळ अंगरख्यात), दाढी नुकतीच पिकायला लागलेली. नाव लांबलचक होतं, पण त्यांना सगळे अबू नासिर म्हणत, म्हणजे नासिरचे वडील. तिकडे माणसाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारण्यात आदर असतो. "हय्याकुम अल्लाह!" (या, या, बसा) असं म्हणत त्यांनी सेन्सेईंचा हात दोन्ही हातांत धरला तो बराच वेळ सोडलाच नाही. सेन्सेईंना कमरेतून वाकायचं होतं. हात अडकलेला असल्यामुळे ते अर्धेच वाकले.

वेलदोड्याची कॉफी आली, खजूर आले, मग चहा आला. सेन्सेईंनी जपानच्या थंडीबद्दल सांगितलं. अबू नासिरनी कुवेतच्या थंडीबद्दल सांगितलं. मी मातीच्या विषयाची वाट पाहत खुर्चीच्या कडेवर टेकून होतो. पण जपानी रीत अशी की मोठं काम पहिल्या भेटीत पाहुण्याने काढायचं नाही, यजमानाने विचारण्याची वाट पाहायची. आणि कुवेती रीत अशी की घरी आलेल्याला 'काय काम काढलंत?' असं विचारणं म्हणजे त्याला दार दाखवणं. दोघेही सभ्य, दोघेही थोर, आणि दोघांच्या सभ्यतेच्या मधोमध माझा प्रबंध लोंबकळत पडलेला.

जपानमध्ये कोणाकडे गेल्यावर खोलीतल्या एखाद्या वस्तूची तारीफ करावी लागते. सेन्सेईंनी इकडेतिकडे पाहून कोपऱ्यातल्या पितळी दल्ल्याची (चोचवाल्या कॉफीच्या किटलीची) तारीफ केली. बाक किती सुंदर, कारागिरी किती जुनी वगैरे. अबू नासिर हसले, छातीवर हात ठेवला. आम्ही खोक्यांपैकी एक देऊन निघालो.

संध्याकाळी हॉटेलवर गेलो तर सेन्सेई पलंगाच्या कडेवर बसलेले आणि समोर टेबलावर तो दल्ला.

"बारुबे-सान," ते म्हणाले. मी बर्वे, जपानी तोंडात त्याचा बारुबे होतो. "त्यांनी हा पाठवला. आता उलट भेट द्यायला हवी."

जपानमध्ये मिळालेली भेट नुसती ठेवून घेता येत नाही. तिच्या साधारण निम्म्या मोलाची भेट उलट द्यायची, असा शिरस्ताच आहे. त्याला हांगाएशी म्हणतात. पण जुन्या पितळी दल्ल्याचं निम्मं काय होतं? सेन्सेईंनी बराच विचार करून दुसऱ्या संस्थेसाठी आणलेलं लाखकामाचं खोकं काढलं.

त्यानंतरच्या दिवशी अबू नासिरनी आम्हाला आपल्या घरच्या दिवाणियात बोलावलं. दिवाणिया म्हणजे पुरुषमंडळींची बैठक. भिंतीलगत चहूकडे गाद्या, लोड, आणि त्यावर भाऊबंद, शेजारी, सहकारी. कोण कुठून येतं आणि कधी जातं याचा पत्ता नसतो. मला तर आमच्या पारावरच्या मंडळींची आठवण झाली, फक्त इथे सगळ्यांचे कपडे इस्त्रीचे होते. आमची भेट एका कोनाड्यात, इतर भेटींच्या शेजारी, न उघडता ठेवली गेली. पाहुण्यादेखत भेट उघडत नाहीत हा रिवाज मात्र दोन्ही देशांत एकच निघाला. सेन्सेईंना त्याने फार बरं वाटलं, आणि त्या आनंदात त्यांनी बसल्या जागी खालच्या सतरंजीची तारीफ केली. लाल-काळ्या पट्ट्यांची, बेदुईन (वाळवंटातल्या भटक्या) बायकांनी मागावर विणलेली.

सतरंजी आमच्या आधी हॉटेलवर पोचली.

मग जे सुरू झालं ते आवरेना. सेन्सेईंनी सतरंजीच्या बदल्यात चिनी मातीचा चहाचा संच दिला. अबू नासिरना वाटलं, पाहुणा आपल्यावर कडी करतोय. त्यांनी उदाच्या लाकडाची पेटी पाठवली. सेन्सेईंची खोकी संपली. पंखा गेला, छत्री गेली. शेवटी त्यांनी मला सालमियाच्या बाजारात नेलं आणि आम्ही एक कॅमेरा विकत घेतला. जपानहून आलेल्या माणसाने कुवेतला जपानी कॅमेरा घ्यावा आणि तो कुवेती माणसाला जपानची भेट म्हणून द्यावा, हे पाहून दुकानदाराने सेन्सेईंकडे फार दयेने पाहिलं.

"आणि मातीचं काय?" मी विचारलं.

"अजून वेळ आहे," सेन्सेई म्हणाले. परतीला तीनच दिवस उरले होते.

रात्रीच्या जेवणाला मी ही हकीकत सांगितली तेव्हा अनिलभाऊजींच्या हातातला घास हातातच राहिला. हसून हसून त्यांना ठसका लागला. "अरे, इथे कोणाच्या वस्तूला छान म्हणायचं नसतं! छान म्हटलं की जुन्या वळणाचा माणूस ती देऊनच टाकतो. आमच्या रिफायनरीत एका नव्या पोराने सुपरवायझरच्या घड्याळाला 'मस्त' म्हटलं आणि ते त्याला घ्यावं लागलं. बिचारा महिनाभर बाह्या खाली ओढून हिंडत होता."

"तुझ्या त्या सरांना सांग, तोंड बंद ठेवा म्हणावं," ताई म्हणाली.

मी सांगितलं, अर्थातच जरा नटवून. सेन्सेई गंभीर झाले. "नारुहोदो," (अस्सं होय) एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशीच्या भेटीत त्यांनी कशाचीही तारीफ केली नाही. कॉफीची नाही, खजुराची नाही, खिडकीतून दिसणाऱ्या समुद्राचीसुद्धा नाही. गुडघ्यांवर हात ठेवून, नजर जमिनीला लावून, जणू शिक्षा झाल्यासारखे बसून राहिले. अबू नासिर कावरेबावरे झाले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "प्रोफेसरसाहेबांची तब्येत ठीक नाही का? का आमच्याकडून काही चुकलं?" मी काय सांगणार! म्हटलं, थोडी दगदग झालीय.

"मग उद्या शहर नको," ते म्हणाले. "उद्या बर्रमध्ये (वाळवंटात) चला. माझा तंबू आहे. मोकळ्या हवेत माणूस बरा होतो."

थंडीत कुवेती माणूस शहरातलं चांगलं घर सोडून वाळवंटात तंबू ठोकतो आणि आठवडेच्या आठवडे तिकडे जाऊन बसतो. सकाळी अबू नासिर स्वतः गाडी चालवत आले. मागे फावडं, पाण्याचे कॅन, जळण आणि खजुराचा भलाथोरला पत्र्याचा डबा. शहर संपलं, उंटांचे कळप लागले, मग काहीच नाही. म्हणजे मला वाटलं काहीच नाही. अबू नासिर मात्र बोट दाखवून सांगत होते: हे अमुक झुडूप, ते तमुक गवत. पिवळ्या बटणांसारखी फुलं धरलेल्या एका झुडपापाशी त्यांनी गाडी थांबवली. "अर्फज," ते म्हणाले. "कुवेतचं फूल. लहानपणी पाऊस चांगला झाला की आमच्या तंबूपासून पार क्षितिजापर्यंत हेच असायचं." त्यांनी वाळलेली बोंडं चुरगळून थोडं बी माझ्या हातावर ठेवलं. मी ते रुमालात बांधून घेतलं.

तंबूत मचबूस होता, मसालेभात आणि त्यावर मटण. एकाच थोरल्या ताटाभोवती बसून उजव्या हाताने जेवायचं. इथे मी सेन्सेईंना शिकवत होतो. घास कसा वळायचा, अंगठ्याने कसा ढकलायचा. तीन वर्षं त्यांनी मला जेवायच्या काड्या धरायला शिकवलं होतं, त्याचं उट्टं मी मनसोक्त काढलं. सेन्सेईंच्या मिशांना भात लागला आणि अबू नासिरचा जीव भांड्यात पडला. पाहुणा बरा होत होता.

जेवणानंतर ते म्हणाले, "चला, माझ्या वडिलांचा तंबू जिथे असायचा ती जागा दाखवतो."

वाटेत लाल निशाणं लागली. तिथे अजून सुरुंग असू शकत होते, म्हणून जुन्या चाकोरीतूनच गाडी न्यायची. मग वास आला. गॅरेजमध्ये येतो तसा, पण चारी बाजूंनी. आणि समोर ते तळं. पाणी नाही, लाट नाही; काळं, जाड, सुरकुतलेलं, दूरवर पसरलेलं. कडेला एक पक्षी चिकटून वाळून गेलेला. प्रयोगशाळेत मी हजारदा 'तेलदूषित माती' असं लिहिलं होतं. ही ती माती, आणि मला तिथे उभं राहून रडू येईल असं वाटलं.

"वडिलांचा तंबू तिथे," अबू नासिरनी काळ्याच्या मधोमध बोट दाखवलं. "युद्ध संपल्यावर पुष्कळ लोक आले. सगळीकडून आले. मीच त्यांना इथे आणलं. त्यांनी फोटो काढले, माती नेली, मोठमोठे निबंध लिहिले. एकानेही नंतर साधं कळवलं नाही की तुमच्या मातीचं काय झालं. आता कोणी माती मागितली की मी म्हणतो, या, भेटू. आणि मग भेटतो."

ते माझ्याकडे न पाहता बोलत होते. म्हणजे आम्ही कशाला आलो आहोत हे त्यांना पहिल्या कॉफीपासून माहीत होतं! मी सेन्सेईंकडे पाहिलं. ते ओठ मिटून उभे. मागायचं नाही, असं ठरवलेला चेहरा. उद्या दुपारचं विमान. माझ्या बाटल्या सालमियात ताईच्या पलंगाखाली रिकाम्या.

मी खाली बसलो. तळ्याच्या काठावरची, अर्धी काळी अर्धी वाळू अशी माती चिमटीत घेतली. ती बोटांना चिकटली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "किती छान माती आहे ही."

मला शपथेवर सांगता येणार नाही की ते निव्वळ धोरणाने म्हटलं. थोडं धोरण होतं, हे कबूल. पण शेतकी शिकलेल्या माणसाला त्या घाणीखालचा कण दिसत होता, आणि एवढं सगळं होऊनही त्या काठावर एका खुरट्या झुडपाने तग धरला होता.

मागे कपड्यांची सळसळ झाली. हिराई सेन्सेई, ज्यांनी काल समुद्रालासुद्धा छान म्हटलं नव्हतं, ते माझ्या शेजारी गुडघे टेकून बसले. त्यांनीही चिमूट उचलली, तळहातावर घेतली आणि त्या काळ्या जमिनीला कमरेतून नमस्कार केला. या वेळी त्यांचा हात कोणी धरलेला नव्हता. "खरोखर," ते म्हणाले, "फार चांगली माती."

अबू नासिर पाहत राहिले. एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे. मग त्यांच्या दाढीत हसू फुटलं.

"तुला सालमियातल्या कोणीतरी शिकवलेलं दिसतंय," ते मला म्हणाले. मी मान खाली घातली. "पण या मातीला आजपर्यंत सगळे विष म्हणाले. छान म्हणणारे तुम्ही पहिलेच." ते गाडीकडे गेले, खजुराचा डबा एका ताटात रिकामा केला, फावडं घेतलं आणि स्वतःच्या हाताने डबा त्या मातीने गच्च भरला. पांढऱ्या दिशदाशावर काळे डाग पडले त्याची त्यांना पर्वा नव्हती. झाकण लावून डबा त्यांनी माझ्या हातात दिला. चांगला जड होता.

"सही उद्या सकाळी," ते म्हणाले. "आणि प्रोफेसरसाहेब, आजवर तुम्ही माझी एकही भेट उलट भेट दिल्याशिवाय ठेवलेली नाही. मी वाट पाहीन."

सेन्सेई तेव्हा नुसते वाकले. दुसऱ्या दिवशी विमानात, जेवण आल्यावर, ते एकाएकी हसायला लागले.

ओसाकाला पोचल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर डब्यातली माती दोन समान वाट्यांत विभागली. एका वाट्यावर चिठ्ठी: प्रयोगासाठी. दुसऱ्यावर: परत द्यायची. मी हात जोडले, म्हटलं सेन्सेई, सगळी मिळून एवढीशी माती, त्यात निम्मी बाजूला काढली तर मी काय करू? "काटकसर," ते म्हणाले. मी काटकसर केली. पहिले काही महिने जीवाणूंनी त्या मातीला तोंडही लावलं नाही. बागेतल्या मातीवर लाडावलेले होते ते. मग हळूहळू चरायला लागले. माझा प्रबंध त्या मातीवर उभा राहिला, परीक्षकांनी अत्यंत नम्रपणे तो मान्य केला, आणि त्यानंतर आम्ही दुसरा वाटाही त्याच पद्धतीने स्वच्छ केला. रुमालातलं अर्फजचं बी त्यात पेरलं. पुष्कळ बी फुकट गेलं. एक उगवलं.

अशा रीतीने दोन वर्षांनी, पुन्हा फेब्रुवारीत, मी आणि सेन्सेई कुवेतच्या विमानतळावर उतरलो, तेव्हा माझ्या मांडीवर तोच पत्र्याचा डबा होता. झाकणाला भोकं पाडलेली. मी पदवी घेऊन कायमचा घरी निघालो होतो, वाटेत एवढं एक काम.

"हे काय?" कस्टमच्या माणसाने विचारलं.

"माती."

"कुठली?"

"कुवेतची."

त्याने शेजारच्याला हाक मारली. तो आला, त्याने तिसऱ्याला बोलावलं. "हा हिंदी माणूस जपानहून कुवेतला माती घेऊन आलाय!" हशा पिकला. संस्थेचं पत्र होतं म्हणून सुटलो, पण गेटपर्यंत हसू आमच्या मागे येत होतं. सेन्सेईंनी मफलर नीट केला.

संध्याकाळी दिवाणिया भरलेला. अबू नासिरची दाढी आता बरीच पांढरी झाली होती. हात धरणं झालं, कॉफी झाली. सेन्सेईंनी दोन्ही हातांनी डबा पुढे केला. अबू नासिरनी डोळे मिटून, छातीवर हात ठेवून तो स्वीकारला, आणि रिवाजाप्रमाणे न उघडता कोनाड्यात, इतर खोक्यांच्या मागे ठेवून दिला.

तो कोनाडा मला ठाऊक होता. तिथे भेटी दिवसेंदिवस पडून राहत. वर कोणीतरी मिठाईचं खोकं ठेवलं तर झाकणाची भोकंही बंद. सेन्सेई सरळ ताठ बसून थंडीबद्दल बोलत होते. पाहुण्याने स्वतःची भेट उघडायला सांगणं त्यांना जन्मात जमलं नसतं. अबू नासिरही थंडीबद्दल बोलत होते. पुन्हा तेच दोघे थोर, आणि मधोमध एक बोटभर रोप.

"अबू नासिर," मी म्हणालो. जरा मोठ्यानेच. सगळी बैठक माझ्याकडे वळली. "डबा उघडा. आत जीव आहे."

सेन्सेईंनी डोळे मिटून घेतले. अबू नासिर उठले, डबा आणला, मांडीवर घेतला आणि झाकण काढलं. आत भुरकट, मोकळी माती, आणि मधे राखाडी-हिरव्या पानांचं अर्फज. विमानप्रवासाने जरा मान टाकलेलं.

त्यांनी रोपाला हात लावला नाही. बाजूची चिमूटभर माती उचलली, बोटांत चोळली आणि बोटं दिव्याकडे धरून पाहिली. स्वच्छ होती. मग डबा उचलून नाकाशी नेला. बराच वेळ.

दिवाणियात बैठक उठायच्या वेळी उदाची धुपाटणी फिरवतात. प्रत्येकजण धूर ओंजळीने अंगावर घेतो आणि पुढच्याला देतो. त्या संध्याकाळी धुपाटणी यायच्या आधी तो खजुराचा डबा फिरला. या हातातून त्या हातात, भिंतीलगत पूर्ण फेरी. प्रत्येकाने वाकून वास घेतला. एक म्हातारे गृहस्थ वास घेऊन काहीतरी पुटपुटले, मी शेजाऱ्याला अर्थ विचारला. "ते म्हणतायत, पावसानंतर असाच यायचा." डबा फिरून अबू नासिरकडे आला तेव्हा त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही. माझेही भरले होते. सेन्सेईंनी फक्त चष्मा पुसला.

दुसऱ्या दिवशी सेन्सेई ओसाकाला गेले. आम्ही एकमेकांना वाकून निरोप दिला, आणि मग ते पुन्हा एकदा वाकले. मी सालमियात बॅग भरत होतो तेव्हा बेल वाजली. अबू नासिरच्या ड्रायव्हरने आणून दिलेला तोच डबा, धुऊन लख्ख केलेला, काठोकाठ खजुरांनी भरलेला. रोप मातीसकट त्यांनी तंबूपाशी लावलं होतं, असा निरोप होता. शैलाताई डब्याकडे पाहून म्हणाली, "बघ, शिकलेला माणूस. रिकामा नाही पाठवला." केतकी, आता दहा वर्षांची, म्हणाली, "मावशीच्या वाडग्यासारखंच की!" समोरची इजिप्शियन बाई म्हणजे तिची मावशी. मला आठवतं तसं, माझ्यासमोर केतकी मराठीत बोललेली तेवढंच एक वाक्य.

नाशिकला घरी पोचलो. पाहुणे आले, गेले, खजूर वाटून संपले. आईने ओट्यावरचा डबा उचलून उलटसुलट करून पाहिला.

"कोणाचा रे हा डबा?"

पदवी, करार, जीवाणू, वाळवंट, सगळं सांगायला मी तोंड उघडलं, आणि म्हणालो, "शेजाऱ्यांचा."

आईने डबा घासला, उन्हात पालथा घातला आणि चिवड्यासाठी पोहे चाळायला घेतले.